माळ गळ्यात, सही कागदावर

गेल्या पावसात एका संध्याकाळी भावजी आले आणि चहाला नको म्हणून ओसरीवरच बसले. चहाला नाही म्हणणारा हा माणूस नव्हे, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, डिचोली तालुक्यातल्या एका लहान पंचायतीचे पंच. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी चुकत नाही, दर एकादशीला देवळात भजन असतं तिथे पेटी वाजवतात. दारूचं नाव काढलेलं खपत नाही. पाव्हण्याने कौतुकाने काजूची फेणी आणली तर ती बाटली त्यांच्या घरात उंबऱ्याच्या आत येत नाही.

दुसऱ्या दिवशी पंचायतीची पाक्षिक बैठक होती. विषयपत्रिकेत एक अर्ज होता. वाड्यावरच्या एका बाईला घराच्या पुढच्या खोलीत बार सुरू करायचा होता, त्यासाठी पंचायतीचा ना हरकत दाखला हवा होता. कागद सगळे पुरे. त्याच वाड्यावर आधीचे दोन बार आहेत, त्यातला एक दुसऱ्या एका पंचाच्या पुतण्याचा. त्या दोघांना दाखला देताना कुणी हूं की चूं केलं नव्हतं. बाईला नवरा नाही, पाठीशी कुणी नाही, म्हणून या वेळी मात्र 'गावाची संस्कृती' सगळ्यांना आठवली.

"हात वर केला तर माळेला काय सांगू? नाही केला तर त्या बायेला काय सांगू?" भावजी म्हणाले.

त्या रात्री जे बोलणं झालं, ते जरा रीतसर मांडावं म्हणून हा लेख. कारण हाच पेच पर्वरीच्या विधानसभेत आहे, दिल्लीत आहे, आणि मतदानाच्या दिवशी शाळेच्या वर्गात पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभ्या असलेल्या तुमच्या-माझ्यासमोरही आहे. आपण गोव्यात त्याची चर्चा बहुधा शिव्या देऊन संपवतो. 'सगळे सारखेच' म्हटलं की विचार करावा लागत नाही.

आधी दोन शब्द नीट करून घेऊ

श्रद्धा म्हणजे मी कसं जगावं याबद्दलचं माझं मत. ते देवधर्मातून आलेलं असेल, आजीच्या मांडीवर शिकलेलं असेल, किंवा अनुभवाने पक्कं झालेलं असेल. देव न मानणाऱ्यालाही अशी श्रद्धा असते. दारू वाईट, मांस खाणं पाप, लग्न एकदाच, मुलांनी मातृभाषेत शिकावं, या सगळ्या या अर्थाने श्रद्धा.

राजकीय तत्त्व म्हणजे सत्ता हातात असताना ती दुसऱ्यावर कशी वापरावी आणि कशी वापरू नये, याचा नियम. कायदा सर्वांना सारखा, सरकारने धर्म पाहू नये, मातृभाषेतल्या शाळेला सरकारने हात द्यावा, ही तत्त्वं. तत्त्वाची खूण अशी की खुर्चीवर कोण बसलंय याने ते बदलत नाही.

गावच्या मैदानावरची फुटबॉलची मॅच डोळ्यांसमोर आणा. रेफरीचा मुलगा एका टीममध्ये खेळतोय. मुलगा जिंकावा असं बापाला वाटणारच, वाटू नये असं कुणी म्हणणार नाही. पण शिट्टी बापाची नसते, रेफरीची असते. मुलाने पाय घातला तर फाऊल द्यावाच लागतो. उलट, पक्षपाताचा आळ नको म्हणून स्वतःच्याच मुलाला उगाच कार्ड दाखवणारा रेफरीही वाईटच. ही दुसरी चूक आपण विसरतो. स्वतःची श्रद्धा लपवण्यासाठी तिच्या विरुद्ध टोकाला धावणारे पुढारीही असतातच.

मंत्री शपथ घेतात तिच्यात हेच आहे: कुणाविषयी ममत्व किंवा आकस न ठेवता, निर्भयपणे आणि निःपक्षपातीपणे सर्वांना न्याय देईन. गंमत म्हणजे ही शपथ ईश्वराला साक्षी ठेवून घेता येते किंवा ईश्वराचं नाव न घेता, गांभीर्याने कथन करूनही घेता येते. राज्यघटनेने दार दोन्हींसाठी उघडं ठेवलं, पण दारातून आत आल्यावर काम एकच दिलं.

गाय: पूजेतली आणि फायलीतली

गोव्यातलं याचं सगळ्यात उघड उदाहरण गोमांसाचं. गोव्यात गोहत्येला १९७८ च्या कायद्यानेच बंदी आहे. बैल, म्हैस वगैरेंच्या कत्तलीवर १९९५ च्या कायद्याने अटी आहेत, सरसकट बंदी नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये बैलाचाही कायद्यात समावेश केला, गोव्याने केला नाही. दोन्हीकडे सरकार एकाच पक्षाचं होतं. मनोहर पर्रीकरांनी तर २०१७ मध्ये विधानसभेत सांगितलं होतं की राज्यात गोमांस कमी पडू देणार नाही, लागलं तर बेळगावहून आणू.

पुढे २०२० च्या अखेरीस कर्नाटकाने कत्तलीविरुद्ध कडक विधेयक आणलं आणि गोव्याकडे येणारा पुरवठा आटला. ऐन नाताळाचे दिवस. तेव्हा मुख्यमंत्री प्रमोद सावंत जे म्हणाले त्याचा आशय असा: मीही गोमातेची पूजा करतो, पण इथे तीस टक्के अल्पसंख्याक आहेत आणि त्यांची काळजी घेणं हीही माझीच जबाबदारी आहे.

यावर दोन्हीकडून टीका झाली. एका बाजूने 'मग पूजा कसली', दुसऱ्या बाजूने 'मतांसाठी बोलतोय'. मतांचा हिशेब असेलही, राजकारणी माणूस आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात सुमारे ६६ टक्के हिंदू, २५ टक्के ख्रिस्ती आणि ८ टक्क्यांवर मुसलमान आहेत, हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण वाक्याची घडण पाहा. श्रद्धा लपवली नाही आणि ती दुसऱ्याच्या ताटात वाढलीही नाही. हेतू काहीही असो, वाक्य बरोबर आहे. माझं राजकीय मत त्यांच्या पक्षाशी जुळत नाही, तरी हे लिहावं लागतं.

मी स्वतःपुरती एक कसोटी करून ठेवलीय: माझ्या श्रद्धेची किंमत कोण मोजणार? मी श्रावण पाळतो तेव्हा मासळीशिवायचं जेवण माझ्या पानात येतं, किंमत मी मोजतो. मी मडगावचा मासळी बाजार श्रावणभर बंद करा म्हटलं तर किंमत मासे विकणारी बाई मोजते आणि पुण्य माझ्या खात्यावर. दुसऱ्याच्या खिशातून श्रद्धा पाळायची असेल, तर 'माझ्या धर्मात आहे' एवढं कारण पुरत नाही. तिला पटेल, निदान कळेल, असं कारण द्यावं लागतं. पावसाळ्यातली यांत्रिक मासेमारीची बंदी तिला कळते. तो माशांच्या पैदाशीचा काळ, तेव्हा धरले तर पुढे मिळणार नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

"पण मग कायद्यात नीती आणायचीच नाही का?"

हा आक्षेप रास्त आहे. खून करू नये, बालविवाह नको, अस्पृश्यता गुन्हा, हीही कुणाची तरी नीतीच होती. अस्पृश्यता पाळणं ही एकेकाळी लाखोंची प्रामाणिक श्रद्धा होती, आणि घटनेने ती मोडली.

फरक पाहायचा तो इथे: अस्पृश्यतेची किंमत ती पाळणारा मोजत नव्हता, विहिरीपासून दूर उभा राहणारा मोजत होता. कायदा तिथे शिरला तो कुणाच्या तरी देव्हाऱ्यात डोकावायला नव्हे, विहिरीवरच्या माणसासाठी. म्हणून 'श्रद्धा खाजगी, राजकारण सार्वजनिक' अशी सरळ भिंत घालता येत नाही. भिंत हलती असते, आणि ती कुठे सरकवायची यावरच खरं राजकारण असतं. कसिनोचंच घ्या. जुगार पाप आहे म्हणून मांडवी नदीतली कसिनोची जहाजं हटवा, हे म्हणणं श्रद्धेचं. जुगाराने घरं बुडतात, नदीची वाट लागते, पणजीत गाडी लावायला जागा राहत नाही, हे म्हणणं राजकीय. मागणी तीच, पण दुसरीला उत्तर द्यावं लागतं, आकडे मागता येतात, तोडगा निघू शकतो. २०२० मध्ये गोवेकरांना कसिनोत खेळायला बंदी झाली, तो असाच अर्धामुर्धा तोडगा. आपली घरं बुडू नयेत, परराज्यातल्यांची बुडाली तर महसूल! याला तत्त्व म्हणायला माझी जीभ रेटत नाही. विरोधात असताना कसिनोंविरुद्ध रस्त्यावर उतरलेले लोक सत्तेत आले, आणि जहाजं आहेत तिथेच आहेत.

पक्षादेश: जिथे विवेकाला कुलूप आहे

आता थोडं कायद्याचं. मुंबईत, दिल्लीत लोकांना कंटाळा येईल, पण गोव्याच्या वाचकाला हा विषय घरचा आहे.

आमदाराला एखाद्या विधेयकावर पक्षाने 'असंच मत द्या' म्हणून काढलेला आदेश म्हणजे व्हिप, आपण पक्षादेश म्हणू. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, तोच पक्षांतरबंदी कायदा. त्यानुसार पक्षादेश मोडून मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. म्हणजे एखाद्या आमदाराला मनापासून वाटलं की हे विधेयक चूक आहे, तर तो सभागृहात भाषणात तसं बोलू शकेल, पण मत द्यायची वेळ आली की एकतर हात पक्षाचा, नाहीतर खुर्ची गेली.

सगळीकडे असं नसतं. ब्रिटनमध्येही व्हिप असतो, पण तो मोडला तर पक्ष शिक्षा करतो, खासदारकी जात नाही. आणि जगण्यामरण्याच्या प्रश्नांवर तिथले पक्ष व्हिप काढतच नाहीत, ज्याने त्याने आपल्या विवेकाने मत द्यावं असं म्हणतात. खुनासाठीची फाशीची शिक्षा तिथे १९६५ मध्ये अशाच मतदानाने गेली. असाध्य रुग्णाला इच्छेनुसार मरण द्यावं का, या विधेयकावर २०२४ च्या नोव्हेंबरात असंच मतदान झालं, ३३० विरुद्ध २७५, आणि एकाच पक्षाचे लोक दोन्हीकडे होते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये किहोटो होलोहान खटल्यात पक्षांतरबंदी वैध ठरवली, पण पक्षादेश सरकार पडण्या-टिकण्याच्या किंवा पक्षाने ज्या धोरणावर निवडणूक लढवली त्या मतदानापुरताच वापरला जावा, असंही सुचवलं. सूचना निकालपत्रात राहिली. पक्षांना कुलपाची सवय झाली.

दोनतृतीयांश विवेक

या कायद्यात एक खिडकी मात्र आहे, आणि गोव्याने तिचा जेवढा वापर केला तेवढा क्वचितच कुणी केला असेल. एकटा आमदार गेला तर अपात्र, पण विधिमंडळ पक्षाचे दोनतृतीयांश सदस्य मिळून गेले तर ते 'विलीनीकरण' होतं आणि सगळे वाचतात. पूर्वी एकतृतीयांशाची फूटही चालायची, ती सोय ९१ व्या दुरुस्तीने २००३ मध्ये काढली.

आता आकडे पाहा. २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे १५ आमदार होते, भाजपमध्ये गेले १०. पंधराचे दोनतृतीयांश बरोब्बर दहा. २०२२ मध्ये काँग्रेसचे ११ निवडून आले, सप्टेंबरात गेले ८. अकराचे दोनतृतीयांश सात पूर्णांक एकतृतीयांश, म्हणजे किमान आठ. दोन्ही वेळा कायद्याला लागतील तेवढेच, एकही जास्त नाही. माझ्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांना आनंद झाला असता.

२०२२ ची गोष्ट अधिक झोंबते ती शपथेमुळे. त्या वर्षी जानेवारीत काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ दिली होती. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. जो शब्द मतदाराला द्यायचा तो देवाला दिला, की जाब विचारणारा बदलतो. आणि झालं तसंच. सप्टेंबरात पक्ष बदलल्यावर त्या आठांतल्या दिगंबर कामत यांनी पत्रकारांना सांगितलं की आपण देवळात जाऊन देवाला विचारलं, आणि तुला जे योग्य वाटेल ते कर असं देव म्हणाला.

यावर देवाला कोण उलटतपासणीला बोलावणार? श्रद्धा राजकारणात आणण्याचा हा मोठा तोटा. तिथे युक्तिवाद संपतो. कुणाच्या मनात खरंच काय होतं ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. मी फक्त एवढं पाहतो की विवेकाच्या हाकेला 'ओ' दिल्यावर माणसाच्या हातून काही गेलं का. सात जण गोळा होईपर्यंत थांबणारी हाक मला तरी फार धीराची वाटते.

खुर्ची सोडून उत्तर देणारे

किंमत मोजणारेही आहेत. बेल्जियमचा राजा बोदुआँ कट्टर कॅथलिक. १९९० मध्ये तिथल्या संसदेने गर्भपाताला परवानगी देणारा कायदा केला. राजाची सही ही औपचारिकता, पण त्याचं मन तयार होईना. संसदेचा निर्णय अडवायचा अधिकार आपल्याला नाही हे त्याला मान्य होतं, आणि सहीही करवत नव्हती. शेवटी मंत्रिमंडळाने ४ एप्रिलला राजा राज्य करण्यास असमर्थ असल्याचं जाहीर केलं, मंत्र्यांनी सह्या करून कायदा लागू केला, आणि दुसऱ्या दिवशी संसदेने राजाला पुन्हा गादीवर बसवलं. लोक हसले. मला मात्र तो तोडगा प्रामाणिक वाटतो. त्याने कायदा रोखला नाही, फक्त आपला हात बाजूला घेतला.

पण एवढ्या लांब कशाला जायचं? गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचं काय? त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा राहिला तोच गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणून. मराठीवरची माया ही आमच्या घरात श्रद्धाच होती. गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा केंद्रशासित संघप्रदेश राहावा, हे लोकांनाच विचारायचं ठरलं. हा जनमत कौल निष्पक्ष व्हावा म्हणून विरोधकांनी सरकारने पायउतार व्हावं असा आग्रह धरला, आणि १९६६ च्या डिसेंबरात भाऊंचं सरकार गेलं. १६ जानेवारी १९६७ ला कौल झाला. विलीनीकरणासाठी निशाणी फूल, संघप्रदेशासाठी दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं, पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. आमच्या आजोबांनी फुलाला मत दिलं होतं आणि निकालाच्या रात्री घरात कुणी जेवलं नाही, असं आजी सांगायची.

आणि नंतर? काही महिन्यांत निवडणूक झाली, भाऊच पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि १९७३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी त्याच गोव्याचा कारभार केला ज्याने त्यांच्या स्वप्नाला नाही म्हटलं होतं. कौल मान्य केला म्हणून त्यांची मराठी कमी झाली नाही. आजोबांचीही नाही. घरात कोंकणी, देवापुढे मराठी, पेपर मराठी, आणि गोव्याला कुणी नाव ठेवलं तर भांडायला पहिले. यात विसंगती आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि मला वाटायचं ते वयानुसार गेलं.

तिसरी वाट पक्षाशीच भांडण्याची. प्राथमिक शाळांच्या माध्यमाच्या प्रश्नावर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे गोव्यातले तेव्हाचे प्रमुख सुभाष वेलिंगकर यांनी ती धरली. इंग्रजी शाळांचं अनुदान सत्ता बदलल्यावरही चालू राहिलं, तेव्हा आपल्याच माणसांविरुद्ध ते उभे राहिले आणि २०१६ मध्ये संघाच्या गोव्यातल्या जबाबदारीतून त्यांना दूर करण्यात आलं. त्यांची इतर कितीतरी मतं मला अजिबात मान्य नाहीत. पण तिथे हिशेब त्यांच्याच खात्यावर पडला, हे खरं.

"हे सगळं पुढाऱ्यांचं झालं. माझा काय संबंध?"

संबंध नोटरीच्या टेबलापाशी येतो.

समान नागरी कायद्याची चर्चा देशात निघाली की आपण गोवेकर छाती पुढे काढतो. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, लग्नाची सक्तीची नोंद, पती-पत्नीची संपत्तीत निम्मी-निम्मी मालकी, मुलगा-मुलगी वारसाहक्कात सारखे, आईबापाला मृत्युपत्राने निम्म्याहून जास्त मिळकत मुलांच्या हातची काढता येत नाही. सगळं खरं. तिला जोडून १८८० मध्ये आलेल्या हुकमात पत्नीला ठरावीक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची सूट दिली होती, हे आपण भाषणात सांगत नाही, ते सोडा.

आमच्या घरातली एक सही मी डोळ्यांनी पाहिलीय. आजोबा गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हाची. आत्या फोंड्याहून बसने आली होती, पिशवीत आमच्यासाठी पोदेराकडचे पाव. नोटरीच्या ऑफिसात पंखा कुरकुरत होता. काकांनी कागद पुढे केला, हक्कसोडीचा. कारकुनाने नियमाप्रमाणे विचारलं, "बाय, वाचलंत मगो? राजीखुशीने?" आत्याने चष्मा आणला नव्हता. ती म्हणाली, "माहेरचं घेतलं तर माहेर तुटतं. दे पेन." सही करून तिने पेनाचं टोपण नीट लावून परत दिलं. आणि काका त्याच आठवड्यात चौकात सांगत होते की अख्ख्या देशाने गोव्याचा कायदा घ्यावा, आमच्याकडे बायकांना केवढे हक्क आहेत!

काका खोटं बोलत नव्हते. त्यांची दोन्ही मतं खरी होती. राजकीय मत होतं समतेचं, श्रद्धा होती की बहिणीने माहेरचं मागू नये. फक्त दोन्हींची गाठ पडली तेव्हा किंमत आत्याने मोजली, आणि तिला ती किंमत वाटू नये अशी आपली व्यवस्था आहे. मातृभाषेच्या मोर्चात पुढे असणारे आणि नातवाला इंग्रजी शाळेत सोडायला जाणारे पाहून आपण ढोंगी म्हणतो. मी स्वतः त्यातलाच, म्हणून जरा सांभाळून बोलतो. पण घरी एक, बाहेर एक असं वागणं प्रत्येक वेळी ढोंग नसतं. 'सरकारने मराठी-कोंकणी शाळा चांगल्या कराव्यात' असं म्हणणाऱ्याचं मूल आज इंग्रजी शाळेत असेल, तर त्याने निदान ते मोर्चात मोकळेपणाने सांगावं. लपवलं की ढोंग.

मत देताना

गोव्यात हा पेच आणखी गुंतागुंतीचा, कारण मतदारसंघ चिमुकले. चाळीस आमदार आणि एकेका मतदारसंघात साधारण तीस हजारांच्या आतबाहेर मतदार. आमदार आपल्याकडे चवथीला, गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली बसून नेवऱ्या खाऊन गेलेला असतो. त्याने भाच्याला नोकरी लावलेली असते, आजीला रात्री दोन वाजता बांबोळीच्या इस्पितळात पोचवलेलं असतं. त्याचा पक्ष मला पटत नाही, पण उपकार विसरायचे नाहीत हीही श्रद्धाच, आणि वाईट श्रद्धा नव्हे.

इथे माझ्याकडे नेमकं उत्तर नाही. एवढं करतो: उपकार माझ्यावर, म्हणून परतफेड माझ्या खिशातून. त्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा राहीन. मत ही वस्तू माझ्या एकट्याची नाही, तिची झळ शेजाऱ्यालाही लागते, म्हणून ती परतफेडीत देत नाही. असं म्हणतो खरा. दोनदा दिलंय.

बैठकीत काय झालं

भावजींना त्या रात्री मी म्हटलं, माळ तुमची आहे, शिक्का पंचायतीचा. बार कुणालाच नको असं तुमचं मत असेल तर पुढच्या ग्रामसभेत ठराव आणा, सगळ्यांसाठी आणा, पुतण्यासकट. पण दोघांना दिलेला दाखला तिसऱ्या बाईला नाकारायचा असेल, तर तिला दाखवता येईल असं कारण हवं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग बहिणीला म्हणाले, "आता टाक चहा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हात वर केला. आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं की या सदस्याचा मद्यविक्रीला व्यक्तिशः विरोध आहे, तथापि पूर्वी दिलेले दाखले पाहता हा अर्ज नाकारायला आधार दिसत नाही. सचिवाने 'तथापि' दोनदा खोडून लिहिलं. पुतण्यावाला पंच बैठक संपेपर्यंत मोबाइलमध्ये पाहत होता.

बातमी अर्थातच संध्याकाळपर्यंत देवळात पोचली. पुढच्या एकादशीला भजनाला पेटी वाजवायला भावजींना बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्या एकादशीलाही नाही. ते तरी जाऊन मागच्या खांबाला टेकून बसले आणि टाळ वाजवून आले. तिसऱ्या एकादशीला बोलावणं आलं, कारण शेजारच्या गावाहून आणलेल्या पेटीवाल्याला काळी पाच ही पट्टी सापडत नव्हती.